चहा जाईपर्यंत

उद्या शोगुनच्या चहाच्या बरण्या येणार म्हणून ओमागारी गावच्या हमालखान्यात त्या रात्री चूल पेटली नव्हती. पोरं भाताचे थंड गोळे खाऊन अंधारात बसली होती. ती भात खात होती तेव्हापासूनच डास त्यांना खात होते.

"धूर करायचा नाही म्हणे," सान्ता मांडीवर चापट मारत म्हणाला. "डासांना कुणी कळवलंय का, शोगुनचा चहा येतोय, जरा लांब बसा म्हणून?"

"तू जाऊन सांग. तुझ्या तोंडाच्या वासानंच पळतील," गोन्जी म्हणाला.

सगळे हसले. रोकुबेई हसला नाही. जन्मभर मेणे आणि पेट्या वाहून त्याच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. त्या गाठीवर हात फिरवत तो कोपऱ्यात बसला होता.

"हळू बोला," तो म्हणाला. "पुढचे शिपाई रस्त्यावरच आहेत. हसण्याचासुद्धा दंड लावतील."

"म्हातारबा, एक सांगा. चहाला एवढं काय घाबरायचं? पाला तो पाला," सान्ता म्हणाला.

"पालाच," रोकुबेई म्हणाला. "पण तो ज्याच्या तोंडात जातो त्याचं तोंड मोठं. म्हणून तो रस्त्यानं गेला की आपलं तोंड बंद." "कड्यावरची घरांची रांग माहीत आहे ना? देवळाच्या समोरची? तिथं ओकुमे राहायची. तिचं सांगतो. ऐकीव नाही हे. त्याच रांगेत शेवटचं घर माझं होतं. आणि आतलं जे आहे ते तिनं स्वतः मला सांगितलं. एकदाच. सांगून झाल्यावर तिनं चूळ भरली."

मग त्यानं सांगितलं ते असं.

सहाव्या महिन्यातली अठरावी रात्र होती ती. पण सुरुवात झाली आदल्या दिवशी दुपारी, आणि अगदी साध्या कामानं. ओकुमे पाठीला पोर बांधून वाण्याकडे उदबत्त्या आणायला गेली होती.

सकाळी तिची सासू गेली होती. ओशिमे तिचं नाव. सगळं खोरं तिच्या जिभेला घाबरायचं. नवरा योहेई घरी नव्हता. बरण्यांचे मेणे वाहायला वरच्या गावांतून माणसं धरून नेली होती, त्यांत तोही होता. तेव्हा म्हातारीला आंघोळ घालणं, पांढरे कपडे चढवणं, उत्तरेकडे डोकं करून निजवणं, सगळं एकट्या ओकुमेनं केलं. वाईट काही शिरू नये म्हणून मयताच्या छातीवर सुरी ठेवली. उशाशी वाडगाभर भात ठेवला, त्यात जेवायच्या काड्या उभ्या रोवल्या. उदबत्ती लावायला गेली तर डबीत एकच तुकडा निघाला.

"जास्त घेऊन जा," वाणी म्हणाला. "रात्रभर विझता कामा नये. मेलेलं माणूस पुरेपर्यंत वासच खातं. दुसरं त्याला काही गिळता येत नाही."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असतं सगळ्यांना. पहाटे डोळा लागतो आणि विझते."

ओकुमे उदबत्त्यांचा पुडा घेऊन परत आली, तर दारात गावकारभारी उभा. मागोएमोन त्याचं नाव. हातात गवती दोराचं वेटोळं होतं. कपाळावर घाम होता.

"वाईट झालं, ओकुमे," तो म्हणाला. "म्हातारी तिखट होती, पण माणूस होती. आता माझं ऐक. उद्या सकाळी बरण्या जाणार. त्या जाईपर्यंत प्रेत रस्ता ओलांडून देवळात न्यायचं नाही. भटजीलाही अलीकडे येता येणार नाही. रडण्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येता कामा नये. आणि धूर नाही. चुलीचा नाही, दिव्याचा नाही."

"बरं."

"उदबत्तीचाही नाही."

ओकुमेनं पुडा छातीशी धरला. "म्हणजे माझ्या सासूनं उपाशी निजायचं?"

"एक रात्र फक्त."

"तुमच्या आईला ठेवली असतीत का?"

"तोंड आवर." कारभारी हे रागानं बोलला नाही, घाबरून बोलला. "शोगुनच्या चहाला मयताच्या उदबत्तीचा वास लागला तर काय होईल? या रांगेतली पाचही घरं एकमेकांना जामीन आहेत. एकानं चूक केली की पाचांची मानगूट. आणि तुझा योहेई मेण्याखाली आहे. या घरातून धूर दिसला तर पहिली काठी त्याच्याच पाठीत बसेल. तेव्हा तो पुडा आण इकडे."

तिनं दिला. काय करणार? एक पोर पाठीला, एक प्रेत घरात, नवरा त्यांच्या ताब्यात. बाईला बांधायला दोर कशाला लागतो? तरी कारभाऱ्यानं तो आणला होताच. ती आत गेल्यावर त्यानं बाहेरून फळ्या ओढल्या, दोरानं आवळल्या, गाठीवर कागद चिकटवला आणि त्यावर आपली मोहोर उमटवली. पाचही घरांना त्यानं तसंच केलं. माझ्याही.

मागं दार नव्हतं. मागं कडा होता, आणि खाली नदी.

उशाशी जळत असलेला शेवटचा तुकडा ओकुमेनं चिमटीत धरून विझवला. बोट भाजलं. "आई, माफ करा," ती म्हणाली. "एक रात्र आहे. उद्या दुप्पट लावीन."

ती रात्र गेली.

सकाळ झाली. रस्ता झाडल्याचा आवाज आला, पाणी शिंपडल्याचा आला, बारीक वाळू टाकल्याचा आला. मग काहीच नाही. दुपार झाली तरी काही नाही. फळ्यांच्या आत भट्टीसारखं तापलं. ओकुमेनं म्हातारीच्या तोंडावर पांढरं फडकं टाकलं होतं, त्यावर माशा बसायला लागल्या. ती पंखा घेऊन बसली. एकदा पोरीला वारा, एकदा सासूला.

पोर चार महिन्यांची होती. मिने तिचं नाव. आणि मी तुम्हाला सांगतो, ओकुमे त्या पंख्यानं सासूला वारा घालत होती खरी, पण तिच्या पोटात दुसरंच होतं. ही पोर जन्मली त्या दिवशी ओशिमेनं बघितलं, मुलगी आहे, आणि म्हणाली, "परत पाठव हिला." आपल्या खोऱ्यात याचा अर्थ काय ते तुम्हाला सांगायला नको. नाकातोंडावर ठेवायला ओला कागद लागतो, दुसरं काही लागत नाही. ओकुमेनं पोर उचलून पोटाशी धरली ती रात्रभर खाली ठेवली नाही. म्हातारी परत त्यावर बोलली नाही. पण चार महिन्यांत तिनं नातीला एकदा मांडीवर घेतलं नाही. बघायची नुसती. लांबून.

संध्याकाळी डाव्या भिंतीवर टकटक झाली. शेजारची ओताकी होती.

"ओकुमे, जागी आहेस?"

"इथं निजलंय ते मेलेलं माणूस, मी नाही."

"ऐकलंस का? बाहेर शिपाई बोलत होते, वर पाऊस झालाय. पूल वाहून गेला. बरण्या वरच्या मुक्कामात अडकल्यात. उद्या पहाटे निघतील म्हणतात."

"मग आमचे दोर सोडा की तोवर!"

"कोण सोडणार? शिपाई रस्त्यावर बसलेत. कारभारी विचारायला गेला तर त्याच्याच कानाखाली ठेवून दिली."

ओकुमे भिंतीला तोंड लावून म्हणाली, "ओताकीबाई, माझ्याकडे खायला काही उरलं नाही. दूध आटलंय माझं. पोर चघळते आणि रडते. रडली की मी तोंड दाबते. किती दाबू?"

पलीकडून ओताकी हळूच म्हणाली, "माझ्याकडे मूठभर भात आहे गं. पण देऊ कुठून? भिंतीला फट नाही... आणि ऐक. काहीही झालं तरी उदबत्ती लावू नकोस हं. माझी दोन पोरं आहेत."

"मी काय मागतेय आणि तू काय बोलतेयस!"

"मला कळतं मी काय बोलतेय. भीती बोलतेय माझी."

"तुझ्या भीतीला सांग, कारभाऱ्यानं पुडा काढून नेलाय. लावायला आहेच काय इथं?"

दोघी मग भिंतीच्या दोन बाजूंना पाठ टेकून बसल्या.

अंधार पडला. दिवा नाही. मिने आता मोठ्यानं रडत नव्हती. मांजराच्या पिल्लासारखी कण्हत होती. आईला तेच जास्त लागतं. रडणारं पोर जगतं. कण्हणारं...

ओकुमेनं चिंधी पाण्यात बुडवून तिच्या तोंडात दिली. पोरीनं चोखली आणि थुंकली.

घरात खायचं एकच होतं. उशाशी ठेवलेला वाडगा.

"मयताचा भात?" सान्ता एकदम म्हणाला. "खाल्ला तिनं?"

"तू एक दिवस उपाशी राहा," रोकुबेई म्हणाला. "पोटचं पोर छातीशी कण्हू दे. मग मला विचार."

खाल्ला तिनं. तो भात मयताबरोबर जायचा असतो. जिवंत माणूस त्याला शिवत नाही. ओकुमे गुडघ्यांवर बसली, डोकं जमिनीला टेकलं, म्हणाली, "आई, दूध यावं म्हणून खातेय. तुमच्या योहेईचीच पोर आहे." मग भातात उभ्या रोवलेल्या काड्या उपसून खाली ठेवल्या आणि हातानं खाल्ला. वाळून खडे झाला होता. आंबला होता. शितन्‌शीत खाल्लं.

दूध आलं नाही.

बाहेर शिपायांचं बोलणं थांबलं. नदीचा आवाज तेवढा येत होता. ओकुमे पोरीला कुशीत घेऊन, म्हातारीकडे पाठ करून आडवी झाली. झोपायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळे मिटले असणार. कारण तिला जाग आली.

कशानं आली ते कळेना.

पोर कुशीत होती. गरम होती. श्वास चालू होता.

मग आवाज आला.

नाक ओढल्याचा.

पोरीचा नव्हता. पाठीमागून आला. उशाजवळून. जिथं उदबत्तीची राख पडली होती तिथून. कुणीतरी हुंगत होतं. हळूहळू, लांब श्वास घेऊन. जसं आंधळं जनावर हुंगतं.

थांबलं.

परत आलं. या खेपेला वाडग्याजवळून. रिकाम्या वाडग्यात नाक घातल्यावर जसा आवाज घुमतो, तसा घुमला.

मग काड्या वाजल्या. एक. दोन.

ओकुमेनं मान वळवली नाही. पण फळ्यांच्या वरच्या फटीतून चंद्राची एक रेघ आत येत होती. ती वाडग्यावर पडली होती. तिरक्या डोळ्यानं तिला दिसलं. वाडगा रिकामाच होता. आणि काड्या त्यात उभ्या होत्या. रिकाम्या वाडग्यात. कशातही न रोवता.

हमालखान्यात कुणीतरी आपले पाय आत ओढून घेतले.

परत नाक वाजलं. आता जवळ. तिच्या पायांशी. मग पाठीशी. मग तिच्या खांद्यावरून. तिच्या मानेला वारा लागला नाही. हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. श्वास ओढल्याचा आवाज कानाशी येतोय आणि वारा लागत नाही. आत जात होता फक्त. बाहेर येतच नव्हता.

पोरीच्या टाळूवर तो थांबला.

तुम्ही लहान पोराची टाळू हुंगलीय कधी? दुधाचा वास येतो. गोड. घरात त्या वेळी खाण्याजोगा वास तेवढा एकच होता.

लांब श्वास ओढला गेला... पोर आखडली. कुशीतल्या कुशीत तिचे हातपाय गार पडायला लागले. पहिल्यांदा बोटं. मग तळवे.

ओकुमे बाई होती, दगड नव्हती. घाबरली. पण घाबरून संपल्यावर बाईच्या पोटात जे उरतं ना, ते वर आलं. तिनं पोरीच्या डोक्यावर आपली हनुवटी दाबून धरली आणि अंधाराला म्हणाली:

"आई. पुरे."

आवाज थांबला.

"उदबत्ती मी विझवली. भात मी खाल्ला. जो राग आहे तो माझ्यावर काढा. ही जन्मली तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी केलं नाही, आणि आजही करणार नाही. मेल्यावरही तुमचं ऐकणार नाही मी!"

काहीच नाही. नदी.

"भूक लागलीय तुम्हाला. मला कळतं. मलाही लागलीय. मग ज्यांनी उपाशी ठेवलं त्यांच्याकडे जा की! इथं या मुठीएवढ्या पोरीत काय मिळणार? वर, पुलापलीकडच्या मुक्कामात त्या बरण्या पडून आहेत. साऱ्या देशात त्याहून चांगला वास नाही म्हणतात. त्याच्यासाठी आपल्या चुली विझवल्या, तुमची उदबत्ती विझवली. तो खा. जन्मभर आपण वाळका पाला उकळून प्यायलो. जा. तो तुमचाच आहे आता. जा तिकडे, आई!"

...

छातीवरची सुरी चटईवर पडली. ठप्प.

फळ्या हलल्या नाहीत. दोर वाजला नाही. रस्त्यावरची कुत्री भुंकली नाहीत. पण घर रिकामं झाल्याचं तिला कळलं. कसं कळलं ते तिला सांगता आलं नाही. "कोंडल्यासारखं वाटायचं थांबलं," एवढंच म्हणाली.

पोरीचे हात कोमट झाले.

उठून बघावं, असं ओकुमेला वाटलं. मागं म्हातारी आहे की नाही ते. नाही बघितलं. बघून काय करणार होती? असली तर भीती. नसली तर?

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चंद्राची रेघ सरकून भिंतीवर गेली, मग मिटली. सगळीकडे काळं झालं.

मग वास आला.

ओकुमेनं तसला वास जन्मात घेतला नव्हता. ओल्या पानाचा, पण नुसत्या पानाचा नाही. डोंगरावर पहाटे दव पडतं, त्याला जर गोडी असती तर कशी... तिला सांगता यायचं नाही. तो वास खोलीत आला. तिच्या पाठीमागून आला. तिच्या अंगावरून पुढं आला.

तिनं उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. हात उचलेना. पापणी हलेना. छातीवर कुणी गुडघा ठेवावा तसं झालं. ओरडायला तोंड उघडलं की नाही तेही कळेना. नुसते कान जागे.

पोर तिच्या कुशीत नव्हती.

नव्हतीच. हाताची पोकळी रिकामी. गार.

आणि अंधारात, हातभर अंतरावर...

चुटूक.

चुटूक... चुटूक...

पोर काहीतरी चोखत होती. भरपेट, घाई न करता. मधेच दम खात होती. परत... चुटूक.

आणि ती ओकुमेच्या छातीला नव्हती.

ओकुमे पडून होती. बोलता येईना, हलता येईना, बघता येईना. बाहेर दोर, आत हे. रात्रभर ती ते ऐकत होती. आपल्या पोरीच्या तोंडात कोण काय घालतंय, ते तिला माहीत नव्हतं.

"खाली! खाली बसा! डोकी खाली!"

ओरडण्यानं तिला जाग आली. फटींमधून उजेड येत होता. बरण्या आल्या होत्या. शेकडो पावलं वाळूवर कुरकुरत होती. हमालांचे दबलेले हुंकार येत होते. त्यांतला एक योहेईचा असेल.

ती चटकन उठली. उठता आलं. पोर कुशीतच होती. डोळे मिटलेले, पोट टम्म, गाल तांबूस. गाढ झोपली होती. मागं म्हातारी उताणी, तोंडावर फडकं, जशी ठेवली होती तशी.

आणि नेमका त्याच दाराशी मेणा थांबला.

का थांबला? कुणाला माहीत. हमालाचा पाय सरकला असेल. फळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, बरण्यांबरोबरच्या साहेबाचा आवाज आला:

"कसला वास येतोय?"

ओकुमेनं श्वास धरला. दोन दिवसांचं मयत, त्यात असला उन्हाळा... संपलं सगळं. पाचही घरं संपली.

"चहाचाच आहे साहेब," दुसरा आवाज म्हणाला.

"चहा बरणीत आहे. बरणी बंद आहे. हा वास या घराकडून येतोय."

तेव्हा ओकुमेनं खाली बघितलं. फटीतला उजेड मिनेच्या तोंडावर पडला होता. पोरीचे ओठ हिरवे होते. ओले. हनुवटीवर एक हिरवा ओघळ, नुकताच आलेला.

शोगुनचा चहा. खोऱ्यातल्या एका उपाशी पोरीच्या तोंडात.

"बरण्यांवरच्या मोहरा तपासा," बाहेर साहेब म्हणाला.

ओकुमेनं विचार केला नाही. तिनं पोरीच्या तोंडाला तोंड लावलं आणि चाटलं. ओठ चाटले, हनुवटी चाटली, हिरड्या चाटल्या. मांजरी पिल्लाला चाटते तसं. बाहेर कागद खसखसले, कुणीतरी मोजत होतं. ती चाटत होती. पोर झोपेत हसली.

"सगळ्या मोहरा शाबूत आहेत, साहेब. बरण्या भरलेल्या आहेत."

साहेबानं पुन्हा एकदा वास घेतला.

"चला."

पावलं गेली. खाली, खाली, असं ओरडणं वळणापलीकडे गेलं. मग नदीचा आवाज परत ऐकू यायला लागला. आणि मग कारभाऱ्यानं दोर कापले. आधी त्यानं गाठीवरचा कागद बघितला. त्याची मोहोर होती तशी होती. माझं दार आधी सुटलं होतं, मी शेजारी उभाच होतो, मीही बघितली.

आत गेलो. ओकुमे भिंतीला टेकून बसली होती, पोर छातीशी. तोंडावर बाही दाबलेली. आम्हाला वाटलं, वासामुळे. पण वास नव्हताच. मयताचा नव्हता.

"पोर ठीक आहे ना?" ओताकीनं विचारलं.

ओकुमेनं मान हलवली. तोंड उघडलं नाही.

"अगं, बोल की. जीभ गिळलीस काय?"

तरी नाही. पुढं त्या बाईनं मला हे सगळं सांगितलं, पण त्याची चव कशी होती ते सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

"मग म्हातारी?" गोन्जीनं हमालखान्यातल्या अंधारात विचारलं. "म्हातारीचं काय झालं?"

"तिचं काय व्हायचं? उन्हाचे दिवस. लवकर उरकायचं होतं." रोकुबेईचा आवाज खाली आला. "लाकडी पिंप आणलं. तुम्हाला माहीत आहे, आपण मयताला गुडघे मुडपून बसवतो. पाय मी धरले, खांदे कारभाऱ्यानं. बसवली. मान खाली केली. हात मांडीवर जुळवायला घेतले. डावा हात जुळला."

त्याचा हात पुन्हा खांद्यावरच्या गाठीवर गेला.

"उजवा मिटेना. चार बोटं मिटली. पहिलं बोट सरळच राहिलं. मी वाकवलं तर परत सरळ. पोरीला देतात ना, तसं. कारभारी घाईत होता, म्हणाला, राहू दे, झाकण लाव. मी बाहीत ढकलायला ते धरलं, तेव्हा बघितलं. पेरापर्यंत हिरवं होतं."

रस्त्यावरून एक शिपाई चालत गेला. त्याची पावलं विझेपर्यंत रोकुबेई बोलला नाही.

"आणि ओलं होतं," तो म्हणाला. "चोखून सोडलेलं असतं, तसं."